पावसाळ्यातले जेट प्रवाह: वरचा, खालचा आणि त्यांच्यामधला पाऊस

प्रश्न असा होता: जून उजाडला की हवामानाच्या बातम्यांत 'जेट' हा शब्द सारखा कानावर पडतो. हा जेट नेमका असतो कुठे, मोबाइलवरच्या नकाशात तो ओळखायचा कसा, आणि जेट जोरात असतानाही महाराष्ट्रात कधी कधी पावसाचा खंड का पडतो?

जेट म्हणजे ठरावीक उंचीवरून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याचा अरुंद पट्टा. आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर दोन जेट असतात आणि त्यांच्या दिशा एकमेकांच्या उलट असतात. खालचा पश्चिमेकडून येतो. तो साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवर, म्हणजे 850 हेक्टोपास्कलच्या थरात वाहतो (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचं एकक; उंची वाढते तसा हा आकडा घटतो). वरचा पूर्वेकडून येतो आणि 14 ते 16 किलोमीटरवर, 150 ते 100 हेक्टोपास्कलच्या थरात असतो. तिसरा एक आहे, तो हिवाळ्यातला: उपोष्ण पश्चिमी जेट. तो 200 हेक्टोपास्कलला, सुमारे 12 किलोमीटरवर असतो, मे महिन्यापर्यंत उत्तर भारतावर रेंगाळतो आणि मान्सून येता येता हिमालयाच्या पलीकडे सरकतो. बातमीत नुसतं 'जेट' म्हटलेलं असेल तर यांपैकी कोणता, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. निम्मे गैरसमज इथेच होतात.

आज-उद्याच्या पावसाचा अंदाज घ्यायचा असेल तर खालचा जेट बघावा आणि त्यातही वेगापेक्षा त्याची जागा बघावी. महिन्याची किंवा हंगामाची तब्येत जोखायची असेल तर वरचा बघावा. वरच्या जेटवरून उद्या पुण्यात पाऊस पडेल का, हे सांगायला गेलात तर फसाल.

खालच्या जेटचा प्रवास दक्षिण गोलार्धात सुरू होतो. मादागास्करच्या पूर्वेला, 30 अंश दक्षिणेच्या आसपास, मस्करिन बेटांजवळ त्या काळात उच्च दाबाचं मोठं क्षेत्र असतं. तिथून निघालेली हवा आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे येते. केनिया आणि इथिओपियाचे उंच डोंगर तिला पश्चिमेकडे पसरू देत नाहीत, त्यामुळे ती त्या भिंतीला लागून उत्तरेकडे विषुववृत्त ओलांडते. विषुववृत्तावर पृथ्वीच्या फिरण्याचा वळवणारा परिणाम शून्य असतो. ते ओलांडल्यावर तो वाढत जातो आणि हवा उजवीकडे वळते. सोमालियाच्या किनाऱ्यावर ती नैर्ऋत्येकडून सुटते, अरबी समुद्र ओलांडते आणि आपल्या किनाऱ्यावर जवळपास सरळ पश्चिमेकडून आदळते. जुलैमध्ये भारतीय द्वीपकल्पावर असा जेट असतो हे 1966 मध्ये जोसेफ आणि रामन यांनी दाखवलं. आफ्रिकेपासूनचा अख्खा मार्ग 1969 मध्ये जॉन फिंडलेटर यांनी मांडला, म्हणून त्याला फिंडलेटर जेट किंवा सोमाली जेट म्हणतात.

सोमालियाजवळ हा वारा समुद्राच्या वरच्या पाण्याला किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. भर पावसाळ्यात तिथल्या काही पट्ट्यांत पाण्याचं तापमान 20 अंशांच्या आसपास येतं. थंड पाणी खाली आणि अरबस्तानावरून आलेली उष्ण, कोरडी हवा वर, अशा थरांत ढग वाढत नाहीत. म्हणूनच उपग्रहाच्या चित्रात पश्चिम अरबी समुद्र, वारा सर्वांत जोरात असूनही, बराच मोकळा दिसतो. वारा जोराचा म्हणजे पाऊस, हे समीकरण जेटच्या उगमापाशीच मोडतं.

मग पाऊस कुठे पडतो? जेटच्या गाभ्याच्या, म्हणजे सर्वांत वेगवान पट्ट्याच्या, उत्तरेला. पश्चिमेकडून वाहणाऱ्या प्रवाहात गाभ्यापासून उत्तरेकडे जावं तसा वेग कमी होत जातो. वेगातल्या या फरकामुळे तिथल्या हवेला घड्याळाच्या उलट दिशेने फिरण्याचा कल मिळतो, आणि उत्तर गोलार्धात कमी दाबाची क्षेत्रं फिरतात तीही याच दिशेने. अशा पट्ट्यात जमिनीलगतचे वारे एकवटतात आणि हवा वर चढते. गाभ्याच्या दक्षिणेला याच्या नेमकं उलट घडतं. म्हणून गाभा कोणत्या अक्षांशावरून जातोय, हा प्रश्न तो किती नॉटचा आहे (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) यापेक्षा महत्त्वाचा.

मान्सून सक्रिय असतो तेव्हा गाभा साधारण साडेबारा ते साडेसतरा अंश उत्तर या पट्ट्यातून द्वीपकल्प ओलांडतो. कारवार, गोवा, रत्नागिरी हे सगळं त्यातच येतं. मग कोकण, घाटमाथा, विदर्भ, मध्य प्रदेश हे गाभ्याच्या उत्तरेला पडतात, म्हणजे योग्य बाजूला. खंडाच्या काळात तोच प्रवाह मध्य अरबी समुद्रातून आग्नेयेकडे वळतो आणि विषुववृत्त ते 10 अंश उत्तर या पट्ट्यातून, श्रीलंकेच्या दक्षिणेकडून निघून जातो. अशा वेळी नकाशात अरबी समुद्रावर गडद रंग दिसतच असतो. जेट असतो, जोरातही असतो, पण तो आपल्याला वळसा घालून जातो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर हे आहे. ऑगस्ट 2023 मध्ये देशात सरासरीपेक्षा 36 टक्के कमी पाऊस झाला, 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा लांब खंडात मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकलेला असतो. तिकडे आणि तमिळनाडूत पाऊस वाढतो आणि मधला सगळा प्रदेश उन्हात राहतो.

खंडाची आणखी तीन कारणं नकाशात दिसू शकतात.

पहिलं, दिशा. सह्याद्री साधारण उत्तर-दक्षिण उभा आहे. वारा 270 अंशांवरून, म्हणजे थेट पश्चिमेकडून आला तर तो डोंगरावर काटकोनात आदळतो आणि सरळ वर चढतो. तोच वारा 310 किंवा 320 अंशांवरून, वायव्येकडून आला तर आदळण्याचा जोर घटतो, शिवाय अशा वाऱ्यात बहुतेकदा अरबस्तानाकडची कोरडी हवा मिसळलेली असते. वेग तोच, पण घाटावर नुसतं धुकं आणि भुरभुर.

दुसरं, ओलाव्याची जाडी. 850 ला दमट पश्चिमी वारा आहे, पण 700 हेक्टोपास्कलला, म्हणजे सुमारे 3,100 मीटरवर, आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली आहे, अशा दिवशी ढग त्या कोरड्या थराला लागून चपटे होतात. किनाऱ्यावर सरी येतात, मोठा पाऊस येत नाही. केरळमध्ये मान्सून जाहीर करताना हवामान खातं नुसता पाऊस मोजत नाही, ते याच कारणाने. ठरलेल्या 14 केंद्रांपैकी 60 टक्के केंद्रांवर 10 मे नंतर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस हवा, पश्चिमी वारे 600 हेक्टोपास्कलपर्यंत खोल हवेत, 925 हेक्टोपास्कलला 5 ते 10 अंश उत्तर आणि 70 ते 80 अंश पूर्व या चौकटीत त्यांचा वेग 15 ते 20 नॉट हवा, आणि ढगांचं आवरण दाखवणारं बाहेर जाणारं दीर्घतरंग प्रारण (पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णता) चौरस मीटरला 200 वॉटच्या खाली हवं. घरी बसून मान्सूनच्या आगमनाचा अंदाज बांधणाऱ्याने हीच यादी समोर ठेवावी. एका वळवाच्या सरीवर 'मान्सून आला' म्हणणाऱ्यांची दुबार पेरणी होते आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

तिसरं कारण खास मराठवाडा, सोलापूर आणि नगरच्या पट्ट्याचं आहे, आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. घाटाच्या पूर्वेला उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. पश्चिमी वारा जितका जोरात, तितकी ही पर्जन्यछाया पूर्वेकडे लांबते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर डोंगर उतरून लगेच पूर्वेला असलेल्या वाईला त्याचा एक छोटा हिस्सा. म्हणून कोयनेच्या पाणलोटात धुवाधार चालू असताना बीडमध्ये नुसते ढग पळताना दिसतात, यात विसंगती काहीच नाही. या भागाला जोरदार जेट एकटा पुरत नाही. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा, छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकावं लागतं. नाहीतर जून आणि सप्टेंबरमध्ये, खालचा वारा मंद असताना, दुपारी तापून उठणारे गडगडाटी ढग कामाला येतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने कोकणातला ऑरेंज अलर्ट बघून पेरणीचा निर्णय घेऊ नये.

बंगालचा उपसागर आणि कोकण यांचा संबंध इथेच समजून घ्या. उपसागरावर मोठा पाऊस सुरू झाला की बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता तिथला दाब कमी करते, आणि साधारण दोन-तीन दिवसांत द्वीपकल्पावरचा खालचा जेट जोर धरतो. म्हणजे ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कमी दाब तयार होतोय अशी बातमी आली की रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी सावध व्हावं. त्याच वेळी गुजरात ते केरळ किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असेल तर पाऊस आणखी वाढतो. पालघर, डहाणू आणि दक्षिण गुजरातच्या अतिवृष्टीमागे कधी कधी आणखी एक गोष्ट असते: 700 ते 500 हेक्टोपास्कलच्या मधल्या थरातलं चक्रावर्त, म्हणजे गोल फिरणारी हवा. जमिनीवरच्या दाबाच्या नकाशात ते नीट दिसत नाही. 850 आणि जमिनीचा नकाशा बघून 'काहीच नाही' म्हणणारे तिथे चुकतात. पावसाचा इशारा असूनही खाली काही सापडत नसेल तर 600 हेक्टोपास्कलचा नकाशा उघडा.

आता वरचा जेट. याचा शोध भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांच्या नावावर आहे. 1958 मध्ये त्यांनी उष्ण कटिबंधातल्या या पूर्वीय जेटचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. कारण समजायला सोपं आहे. उन्हाळ्यात तिबेटचं पठार, ज्याची सरासरी उंची सुमारे साडेचार हजार मीटर आहे, थेट वातावरणाच्या मधल्या थरांना तापवतं. पुढे मान्सूनच्या ढगांतून सुटणारी उष्णता त्यात भर घालते. त्यामुळे हिंदी महासागरावरच्या हवेपेक्षा उत्तर भारत आणि तिबेटवरची हवा अधिक उबदार होते. जगात बहुतेक ठिकाणी विषुववृत्ताकडे ऊब आणि ध्रुवाकडे गारवा असतो, इथे तो क्रम उलटतो. उबदार हवेचा स्तंभ फुगून उंच होतो, म्हणून 14-15 किलोमीटरवर तिबेटच्या वर उच्च दाब तयार होतो. उच्च दाबाभोवती हवा घड्याळाच्या दिशेने फिरते, म्हणजे त्याच्या दक्षिणेला ती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तोच पूर्वीय जेट. दक्षिण चीन समुद्रावर तो वेग घेऊ लागतो, दक्षिण भारतावर गाभा सर्वांत जोरात असतो, 70-80 नॉट नेहमीचे आणि चांगल्या दिवशी 100 च्या घरात, आणि आफ्रिकेवर पोचेपर्यंत तो मंदावत जातो.

वेग घेण्याच्या आणि मंदावण्याच्या जागांचा पावसाशी थेट संबंध कोटेश्वरम यांनीच दाखवला. प्रवाह वेग घेतो तिथे त्याच्या उत्तरेला वरची हवा फाकते आणि खालून हवा वर ओढली जाते, म्हणून आग्नेय आशिया, उपसागर आणि भारतावर ढगांना मदत मिळते. मंदावण्याच्या टोकाला हे उलटतं: उत्तर बाजूला हवा खाली बसते. त्या बाजूला अरबस्तान आणि सहारा आहेत. त्यांच्या कोरडेपणाला या बसणाऱ्या हवेचा हातभार लागतो. दोन्ही जेट म्हणजे एकाच रहाटाचे वरचे आणि खालचे पोहरे: खालचा बाष्प आणतो, मधे पाऊस पडतो, वरचा उरलेली हवा बाहेर नेतो. मात्र कोण कोणाला चालवतो यात घाई करू नका. वरचा जेट बऱ्याच अंशी पावसाचा परिणाम आहे. पाऊस मंदावला की उष्णता घटते आणि काही दिवसांत जेटही ढिला पडतो. म्हणून तो हंगामाचा आरसा आहे. एल निनोच्या वर्षांत, प्रशांत महासागरातला पाऊस पूर्वेकडे सरकला की तो कमजोर पडलेला दिसतो.

वरच्या जेटचा किनारपट्टीला एक मोठा फायदा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे मोठी चक्रीवादळं जवळपास होत नाहीत, ती याच दोन जेटमुळे. खाली 30 नॉट पश्चिमी, वर 60-70 नॉट पूर्वीय, म्हणजे उंचीनुसार फरक 90 नॉटच्या वर. चक्रीवादळाला हा फरक साधारण 20 नॉटच्या आत लागतो. जास्त असेल तर त्याचा माथा बुंध्यावर टिकत नाही, ढग एका बाजूला वाहून जातात. त्यामुळे पावसाळ्यातली क्षेत्रं डिप्रेशनच्या, म्हणजे चक्रीवादळाआधीच्या टप्प्याच्या, पुढे सहसा जात नाहीत आणि त्यांचा मुख्य पाऊस केंद्रावर न पडता नैर्ऋत्य बाजूला पडतो. केंद्र जबलपूरजवळ आणि पाऊस नागपूर-अमरावतीला, हे चित्र त्यामुळेच दिसतं. जेट पूर्ण बसण्याआधी किंवा उठल्यावर मात्र दार उघडं असतं: निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला अलिबागजवळ धडकलं, बिपरजॉय 15 जून 2023 ला कच्छमध्ये जखाऊजवळ. बिपरजॉयने आणखी एक नुकसान केलं. त्याने बाष्प आपल्याकडे खेचलं आणि जेट नीट बसू दिला नाही. 2023 मध्ये मान्सून 8 जूनला केरळात आला, 11 जूनच्या सुमारास रत्नागिरीला पोचून अडकला आणि मुंबईत थेट 25 जूनला आला, दिल्लीच्याच दिवशी.

आफ्रिकेतल्या जेटबद्दल थोडक्यात, कारण नावावरून गोंधळ होतो. पश्चिम आफ्रिकेवर 600 ते 650 हेक्टोपास्कलला वेगळाच एक पूर्वीय जेट असतो. तापलेला सहारा आणि दमट, त्या मानाने गार गिनी किनारा यांच्यातल्या तफावतीतून तो जन्मतो. त्यातून तीन ते पाच दिवसांच्या अंतराने लाटा उठतात आणि अटलांटिकमधल्या अनेक हरिकेनांचं बीज त्या लाटांत असतं. आपला वरचा पूर्वीय जेट त्याच्याही खूप वर असतो.

नकाशा वाचताना होणाऱ्या चुका बहुतेक साध्या असतात. वरचा जेट लोक 200 हेक्टोपास्कलला शोधतात, कारण ॲपमध्ये तोच थर समोर असतो. तिथे तो अर्धामुर्धाच दिसतो. 150 निवडा, मिळाला तर 100. खालच्या जेटसाठी 850 बघताना इथिओपिया आणि तिबेटवरचे आकडे सोडून द्या. तिथे जमीनच त्या थराच्या वर आहे, संगणकावर अंदाज काढणाऱ्या मॉडेलने भरलेले ते काल्पनिक आकडे असतात. रंगांची पट्टी आपोआप बदलणारी असेल तर ती बंद करा, नाहीतर मंद वाराही लाल दिसतो. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते: 00 म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेपाच, 12 म्हणजे सायंकाळचे साडेपाच. आणि एका दिवसावर निष्कर्ष काढू नका, पाच दिवसांचा कल बघा. मॉडेलचा गाभ्याच्या अक्षांशाचा अंदाज आठवड्यापुढे फार ताणू नये. वेग बरोबर येतो, जागा दोन-तीन अंशांनी हलते, आणि रत्नागिरी व कोची यांच्यात अंतर असतं सात अंशांचं.

मॉडेलवर भरवसा ठेवायचा की नाही, हे फुग्यांच्या निरीक्षणांवरून तपासता येतं. भारतातली केंद्रं रोज साडेपाचच्या दोन्ही वेळांना रेडिओसाँड, म्हणजे हवा मोजणारं यंत्र बांधलेले फुगे, सोडतात आणि त्यांचे तक्ते वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. केंद्रांचे क्रमांक असे: तिरुवनंतपुरम 43371, चेन्नई 43279, पणजी 43192, मुंबई 43003, नागपूर 42867. तिरुवनंतपुरम आणि चेन्नईच्या तक्त्यात 100 आणि 150 च्या ओळी शोधा: दिशा 80 ते 100 अंशांत आणि वेग 70 नॉटच्या वर असेल तर वरचा जेट शाबूत. पणजी आणि मुंबईत 850 ची ओळ: 260 ते 280 अंश, 30 नॉटच्या आसपास, आणि पुढच्या 700 च्या ओळीतही पश्चिमीच वारा व आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर, तर घाटमाथ्याची सोय झाली. मुसळधार पावसात फुगा कधी कधी 100 पर्यंत पोचण्याआधीच फुटतो. ओळ रिकामी दिसली तर आदल्या वेळेचा तक्ता घ्या, शून्य समजू नका.

एक मर्यादा ठळकपणे सांगतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 73. इतक्या थोड्या अंतरातला असा फरक कोणताही जेट सांगू शकत नाही. जेट सांगतो तो जिल्ह्या-विभागाच्या पातळीवरचा धोका. मोहल्ल्याच्या पातळीवर रडार बघा आणि हवामान खात्याचा पुढच्या काही तासांचा इशारा पाळा.

ऑक्टोबरात उपोष्ण पश्चिमी जेट पुन्हा हिमालयाच्या अलीकडे येतो आणि नकाशाचा थर बदलावा लागतो: आता 200 हेक्टोपास्कल, 20 ते 30 अंश उत्तर. पावसाळ्यातही त्याची एखादी खोलगट लाट दक्षिणेला घुसते आणि मान्सूनच्या कमी दाबाशी गाठ पडते, तेव्हा हिमालयात अनर्थ होतो. जून 2013 चं केदारनाथ आणि जुलै 2023 चा हिमाचल ही त्याची उदाहरणं. महाराष्ट्राला तो भोवतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. 2014 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीने द्राक्षं, गहू, हरभरा झोडपला, तेव्हा हा जेट नेहमीपेक्षा दक्षिणेला उतरला होता आणि खाली समुद्रावरून ओलावा येत होता. नाशिक, सांगली किंवा विदर्भात बाग असेल तर जानेवारीअखेरपासून दोन गोष्टी एकत्र दिसतात का ते बघत राहा: 200 च्या नकाशात मध्य भारतापर्यंत उतरलेली पश्चिमी लाट, आणि 850 ला अरबी समुद्र किंवा उपसागराकडून राज्यात शिरणारा दमट वारा. यांपैकी एकच असेल तर ढगाळ वातावरणावर निभावतं. दोन्ही असतील तर पुढचे दोन दिवस काढणीला आलेला माल बागेत ठेवू नका.